पार्ट यायचा आहे

फोन निलोफरचा होता. मी नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला सकाळचा फिरायला निघालो होतो. "सर, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, रफीकभाईंनी जाण्याआधी हिला ते सांगितलं असेल का? माणूस गेल्याच्या घटकेलाही आपल्याला आपलीच पडलेली असते. माझी मलाच लाज वाटली.

रफीकभाई लातूरचे, शिलाई मशीन दुरुस्त करणारे. मी त्यांच्याच गल्लीत भाड्याने राहायचो आणि एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. आलेल्या प्रत्येक मशिनीला ते पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत, वर मालकाचं नाव आणि खाली मशिनीचं दुखणं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ढिगाऱ्यांतून निघालेल्या मशिनी त्यांनी अशाच चिठ्ठ्या बांधून नीट केल्या. त्यातल्या चार न्यायला कोणी आलंच नाही. वर्षं गेली तरी त्या चिठ्ठ्या त्यांनी सोडल्या नाहीत. "नाव लिहिलेलं हाय ना सर, मग मशीन त्यांचीच," म्हणायचे.

भूकंपाच्याच दिवसांत मदतीला आलेला एक परदेशी डॉक्टर डोंगरात चालवायच्या सायकलवरून गावोगाव फिरायचा. पुढच्या चाकाला शॉकअप असलेली सायकल आमच्या गल्लीने तोवर पाहिली नव्हती. ती बिघडली की रफीकभाईच नीट करून देत, म्हणून जाताना तो ती त्यांनाच देऊन गेला. त्या शॉकअपच्या दोन नळ्यांत पिवळ्या रबराचे तुकडे, खोडरबरासारखे, एकावर एक रचलेले होते. काही वर्षांनी ते विरघळून गुळासारखे चिकट झाले, आणि तसे दुसरे मिळणार कुठे? रफीकभाई ट्रकच्या बुशचं रबर कापून स्वतःच तुकडे घडवू लागले. एकदा साधं ग्रीस लावलं तर रबर नळीत असं फुगून बसलं की निघता निघेना. "माझ्याच हातानं माती केली, सर," म्हणत दोन दिवस खरवडत बसले. तुकडा किती नरम हवा हे बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. म्हणून भूकंपानंतर जन्मलेली ही लेक, निलोफर, सायकलवर बसण्याजोगी झाली, तसे ते तिला दर वर्षी पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर उभं करत आणि रबर बदलत. ती सायकलवर असली की गल्लीत कोणाचीही हाक तिला ऐकू जात नसे.

मग ती अकरावीत गेली. लातुरात तेव्हा अकरावी-बारावीचं पोर घरात असणं म्हणजे आजारी माणूस असण्यासारखंच होतं. केबल बंद, पाहुण्यांना नकार, लग्नकार्याला आईबाप आळीपाळीने जाणार. निलोफरला डॉक्टर व्हायचं होतं, पण संध्याकाळ झाली की ती सायकलवर गायब. रफीकभाईंनी मला विचारलं. मी पडलो शहाणा. म्हणालो, "दोन वर्षं सायकल बंद करा. शॉकअप उघडून ठेवा आणि सांगा, पार्ट मिळत नाही." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"पोरीशी खोटं बोलू म्हणता?"

"दोनच वर्षं हो."

दुसऱ्या दिवशी हँडलला चिठ्ठी लागली. निलोफर. पार्ट यायचा आहे.

निलोफर डॉक्टर झाली, बाहेरगावी गेली. सायकलचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. इकडे उघडं पडलेलं रबर दोन वर्षांत सुकून भेगाळलं, आणि ट्रकच्या बुशचं नवं रबर यायचं ते दगडासारखं कडक. "खोटं बोललो ते खरं होऊन बसलं, सर," ते म्हणाले. मी नांदेडला आलो, तरी भेटलो की विचारायचो, सांगितलं का तिला? "सांगतो की. आधी जोडून होऊ द्या. रिकाम्या हातानं काय सांगू?" वर्षामागून वर्षं हेच उत्तर. शेवटच्या भेटीत तर त्यांना नीट दिसतही नव्हतं. कुठून तरी मिळवलेलं नरम रबर बोटांनी चाचपून कापत होते. 'चूक माझी आहे, मी सांगतो तिला,' हे ओठांवर आलं होतं... मी चहा पिऊन परत आलो.

चाळिसाव्या दिवसाच्या दुआला लातूरला गेलो. पुढच्या खोलीत सायकल उभी होती, पूर्ण जोडलेली. या वेळी मात्र मी निलोफरला सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं, सर. तेव्हाच. डब्यात रबर बघितले होते मी. चांगले होते."

"मग विचारलं का नाहीस?"

"आधी राग होता. नंतर मी सुट्टीला यायचे तर अब्बा लई मन लावून सायकलीचं काम करून राहिलेले. विचारलं असतं तर थांबले असते."

मग ती सायकलवर बसली. शॉकअप खाली गेला तो थेट तळाला टेकला, आणि तिथेच राहिला. "दहावीतलं वजन धरलंय अब्बांनी," ती म्हणाली. बराच वेळ ती खाली उतरली नाही, आणि मला तिच्याकडे बघवेना.

हँडलवर चिठ्ठी तीच होती. 'यायचा आहे' वर काट मारून खाली, नजर गेलेल्या माणसाच्या वाकड्या अक्षरात, 'आला' असं लिहिलेलं. निघताना मी विचारलं, चिठ्ठी काढून ठेवू का?

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "नाव लिहिलेलं हाय."