खंडेनवमीची हजेरी

जाईबाई माझी शेजारीण. परभणीकडच्या खेड्यातून लग्न होऊन तुर्भ्यात आली, नवरा गेल्यावर जवळच्याच पावणे गावातल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर बसली आणि मुलाला, अश्विनला, डिप्लोमापर्यंत शिकवलं. तोंडाने फटकळ. नळावर कुणी मध्ये हंडा घुसवला की जागच्या जागी त्याचा पाणउतारा करणार. मला अशी माणसं आवडतात. गोड बोलणाऱ्यांचीच मला जास्त भीती वाटते.

तिचा मालक धनेशशेठ त्यातलाच. पत्र्याचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना, जेमतेम आठ माणसं, आणि सगळ्यांना 'आपण एका घरातले' म्हणायची सवय. दर खंडेनवमीला तिथे उत्पादन बंद. सकाळी कामगारांनी यायचं, मशिनी रॉकेलने पुसून लख्ख करायच्या, मग हार, हळदकुंकू, नारळ, पेढे. त्या दिवसाची हजेरी मात्र कुणाची लागत नसे. घरच्या कार्याला कुठे हजेरी असते? पेढ्यांची पुडी घेऊन सगळे खुशीत घरी जात. फुकटचं राबवून घेण्याची इतकी गोड तऱ्हा मी दुसरी पाहिली नाही.

गेल्या खंडेनवमीला जाईबाई प्रेसच्या साच्याखालचं तेल पुसत होती. मशीन चालते का बघू म्हणून फिटरने बटण दाबलं आणि पेडलवर पाय ठेवला. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

शेठ सफरचंदं घेऊन हॉस्पिटलात आला. "देवीची कृपा, दोनावरच निभावलं," म्हणाला. माझं डोकंच फिरलं, पण जाईबाई शांत होती. शेठने मदतीचं नाव काढलं तेव्हा ती म्हणाली, "मदत नको शेठ, भरपाई द्या." तिथे त्याचा गोडवा संपला. तिने भरपाईचा अर्ज केला, त्यावर त्याचं उत्तर आलं: त्या दिवशी सुट्टी होती, जाईबाई स्वतःच्या श्रद्धेने पूजेला आल्या होत्या, कामाला नव्हे.

कामगार संघटनेच्या वकील नमिताताईंनी आम्हाला समजावलं, की इजा कामावर असताना आणि कामामुळे झाली असेल तरच कायद्याने भरपाई मिळते. म्हणजे सगळी केस एकाच गोष्टीवर अडली: जाईबाई पूजेला गेली होती की कामाला? हजेरी तर लागलेलीच नव्हती. अश्विन कंटाळला. "आई, देतायत ती मदत घेऊन टाक ना. कशाला टेन्शन घेतेस? कोर्टात किती चकरा मारणार?"

"बोटं माझी गेली, चकरा बी म्याच मारीन," ती म्हणाली. विषय संपला.

सुनावणीला मी सोबत गेले. शेठच्या वकिलाने आवाज चढवून विचारलं, "तुम्ही त्या दिवशी पूजेसाठीच गेला होतात, खरं ना?"

"नाही."

"अहो, सगळे कामगार भक्तिभावाने जमले होते!"

"बाकीच्यांचं बाकीच्यांना इचारा. म्या बौद्ध हाय, साहेब. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या हायत. घरात देवाची पूजा करत नाही, तर मशीनची कामून करू? शेठनं पुसाया बोलावलं म्हणून गेले."

वकील कागद चाळू लागला. इतकी वर्षं एका घरातली म्हणवलेल्या बाईचा धर्म शेठला ठाऊक नसावा, किंवा वकिलाला सांगायचा राहिला असावा. मला हसू आवरेना.

मग नमिताताईंनी जाईबाईच्या सोबत काम करणाऱ्या पुतळाला साक्षीला उभं केलं. पुतळा पावण्यातलीच, शेठच्या भावकीतली, अजून त्याच कारखान्यात कामाला. ती फिरणार अशी माझी खात्री होती. तिने शेठकडे पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली, "पूजा मी केली, साहेब. जाईबाय पूजेला कदी उभी रात नाय, भायेर जाऊन बसते. मशिनी पुसाला शेटनीच सगल्यांना बोलावलेलं. नाय आलं का दुसऱ्या दिवशी बोलनी खावी लागतात."

निकाल जाईबाईच्या बाजूने लागला. ती कामावरच होती, आणि भरपाई व्याजासकट द्यायची. मला रडू आलं, तिला नाही.

बाहेर शेठने आम्हाला गाठलं. आवाज पुन्हा गोड. "जाईबाई, एवढं कशाला ताणलंत? मी मदत करतच होतो की."

जाईबाईने उजवा हात पदराबाहेर काढून त्याच्यासमोर धरला.

"मदत घेतली असती तर जन्मभर तुमच्यापुढं हात जोडावे लागले असते, शेठ. आता ह्यो नीट जुळत बी नाही, आन् जोडायची गरज बी नाही."