आयुब सरांचं वर्तुळ

नळदुर्गच्या कॉलेजात आयुब सरांचं वर्तुळ म्हणजे काय चीज होती म्हणून सांगू! कंपास न्हाय, काही न्हाय. फळ्याला खडू टेकवला, खांद्यापासून हात एकदा फिरवला की झालं. मग टेबलाच्या खणातली सुतळी काढून पोरांपुढं टाकायची. "मोजा. मध्यापासून सगळीकडं सारखं भरतंय का बघा. माझ्या वर्तुळात जो चूक दाखवंल, त्याला माझ्या खुर्चीत बसवीन." एकतीस वर्षांत ती खुर्ची कुणाला मिळाली नव्हती.

औंदा विद्यापीठाचं फर्मान आलं. भूमितीचं प्रात्यक्षिक संगणकावर घ्यायचं. आपण समीकरण टाइप करायचं, सॉफ्टवेअर ते सोडवणार, आकृतीही तेच काढणार. प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, "सोमवारी पहिला तास बघायला मी येतो. न्हायच जमलं तर भूमिती घ्यायला रणधीर सर आहेतच की." हा रणधीर म्हणजे सरांच्याच हाताखाली शिकलेला. सरांच्या अंगाची लाही लाही झाली. भूमिती सोडायची? मग कॉलेजात यायचं तरी कशाला!

रविवारी सकाळीच ते घरी लॅपटॉप उघडून बसले. x वर्ग अधिक y वर्ग बरोबर पंचवीस. त्रिज्या पाच. यात चुकायचं काय? बटण दाबलं आणि पडद्यावर आलं अंडं! चांगलं आडवं पसरलेलं अंडं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा अंडं. सर उठले, अंगणात गेले, परत आले, चष्मा पुसला, लॅपटॉप बंद करून चालू केला. बायकोनं, बिबीजाननं, आतून तिसऱ्यांदा हाक दिली, "अजी, खाना ठंडा हो रा!" भूक कुणाला होती?

दुपार कलली तसा सरांनी x वर्गाच्या आधी गुपचूप दोनचा आकडा घातला. वर्तुळ गोल गरगरीत! आता हे समीकरण लंबवर्तुळाचं झालं, हे त्यांना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण या यंत्राची लिहायची तऱ्हाच निराळी असंल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि पोरांसाठी तसाच कागद छापून आणला. मन काही समजलं न्हाय. सोमवारी कॉलेजला निघाले ते दोनदा अर्ध्या वाटेतनं माघारी वळले.

तासाला वीस पडद्यांवर वीस गोल वर्तुळं उमटली. मागं बसलेल्या प्राचार्यांनी मान डोलावली. तेवढ्यात अणदूरहून येणारी शिवलीला उभी राहिली.

"सर, दिसायला गोल हाय. पण आडव्या अक्षाला साडेतीनवर छेदतंय आन् उभ्याला पाचवर. मध्यापासून सारखं भरंना. तुमीच म्हणता ना, मोजा म्हणून."

छपाईत चूक झाली म्हणून झटकता आलं असतं, सरांच्या ओठांवर आलंही होतं. हात उगीचच खणाकडं गेला आणि सुतळीला लागला. सरांची कानशिलं तापली, पण आता मागं सरायला मन धजेना.

"छपाईची चूक न्हाय," ते म्हणाले. "तो दोन मीच घातलाय. खऱ्या समीकरणाचं अंडं येत होतं, आन् का येतंय ते मला कळंना. लाज वाटली, म्हणून तुमाला खोटं दिलं."

मग त्यांनी आपली खुर्ची मागं ओढली. "ये, बस."

"नको ना सर..."

"बस म्हणतो ना! एकतीस वर्षं सांगत आलोय."

शिवलीला कडेला कशीबशी टेकली. तिनं सरांच्या संगणकावर दोन काढून टाकला. अंडं आलं. "सर, पडदा आडवा लांब हाय. आडव्या अक्षावरचा एक आन् उभ्यावरचा एक सारख्या लांबीचे न्हायत. दोन्हीचं माप सारखं धर, असं त्याला सांगावं लागतं." तिनं एक ओळ वाढवली. अंडं गोल झालं.

प्राचार्य उठून गेले. भूमिती राहते का जाते, कुणास ठाऊक. आयुब सर शिवलीलाच्या बाकावर जाऊन बसले, तिची वही पुढं ओढली आणि खिशातलं पेन काढलं.

"ती ओळ परत सांग बाई," ते म्हणाले. "जरा हळू."