बुधवारी वाचणाऱ्या बाया

चार बाया एका पुस्तकाभोवती बसल्या की पुस्तक राहतं बाजूला आणि किस्से जमायला लागतात. आमचंही तेच झालं. बुलढाण्यातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी तीन वाजता आम्ही सात-आठ जणी जमतो आणि बायांनी लिहिलेली पुस्तकं मोठ्याने वाचतो. आत्मचरित्रं, कथा, कादंबऱ्या, जे कपाटात सापडेल ते. मी सकाळच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून ही हौस माझी. सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं, दोन बुधवारांत खोलीला कुलूप लागेल.

पहिल्याच दिवशी मी एक कथा वाचली. त्यातली बाई सगळ्यांची जेवणं झाल्यावर बसते, पातेल्यात किती भाजी उरली ते बघते आणि त्या हिशोबाने आपली भूक ठरवते. वाचून संपलं. बाया पिशव्या आवरायला लागल्या. म्हटलं, चुकीची कथा निवडली, आता ह्या परत यायच्या नाहीत.

तेवढ्यात मंगल बोलली. मंगल देऊळघाटची. तिच्या घरी वांगी, मेथी, कोथिंबीर पिकते आणि बाजाराच्या निमित्ताने ती बुलढाण्याला येते.

"हे लिहिणारी बाई कुठची हाये?"

म्हटलं, "कोकणातली."

"मंग तिले आमच्या घरातलं कसं काय समजलं?"

पुढच्या बुधवारी सगळ्या आल्या. मंगल तर जावेलाही घेऊन आली.

* * *

आमच्यात सगळ्यांत मोठ्या म्हणजे सिंधूकाकू. यजमान भिक्षुकी करतात, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. काकू पुस्तक घरी न्यायच्या आणि पोथ्यांच्या खाली ठेवायच्या. एके दिवशी पोथी काढताना ते गुरुजींच्या हाती लागलं. नेमकं असं आत्मचरित्र, ज्यात लेखिकेने नवऱ्याची एकही चूक सोडली नव्हती.

दोन दिवस गुरुजी काकूंशी एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी मला फोन करून सांगितलं, "आता माझं येणं बंद समज."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू पूजेची भांडी घासत होत्या. गुरुजी स्वयंपाकघरातून कप घेऊन आले आणि म्हणाले, "ती बाई लिहिते, तीस वर्षांत तिने गरम चहा प्यायला नाही. तू पितेस का गं?"

काकू म्हणाल्या, "नाही."

"मग हा घे आधी. भांडी राहू दे."

बुधवारी काकूंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकदम विचारलं, चहा कसा झाला होता?

"साखर विसरले होते," काकू म्हणाल्या. "पण गरम होता."

* * *

एकदा मंगल रडवेली होऊन आली. वाचनालयाची कादंबरी देऊळघाटच्या जीपमध्ये राहिली होती. पुस्तक जुनं, बाजारात न मिळणारं. ग्रंथपाल आधीच आमच्यावर नाराज होते, कारण आम्ही हसतो फार. हे पुस्तक गेलं तर खोलीही जाणार, हे मला दिसत होतं.

मंगल आणि मी जीपच्या थांब्यावर गेलो. तीन ड्रायव्हरांना विचारलं. चौथा लांबून आम्हाला बघून दुसरीकडे तोंड फिरवायला लागला. मंगलने त्याला बरोबर ओळखलं.

"दादा, माहं पुस्तक तुमच्या गाडीत राह्यलं का?"

"हाव. घरी हाये."

आमचा जीव भांड्यात पडला. मंगल म्हणाली, "मंग आणलं काऊन नाही?"

त्याने डोकं खाजवलं. "आणलं असतं ताई. पण बायको ते वाचल्याशिवाय सोडून नाही राह्यली. शनिवारपर्यंत थांबता का?"

शनिवारी पुस्तक आलं, नवं कव्हर घालून.

* * *

हा किस्सा माझ्यावरचा आहे, पण सांगायला हवा.

बायांनी घरात आपला वेळ कसा मागून घ्यावा, यावर मी मोठ्या जोरात बोलत होते. चार वाजले आणि माझा फोन वाजला. घरून, नवऱ्याचा. तोही शिक्षक. जिरं कुठे आहे? मागच्या बुधवारी टॉवेल होता, त्याच्या आधी गॅसचं पुस्तक. मी उठून कोपऱ्यात गेले आणि हळू आवाजात सांगायला लागले.

काकू उठल्या आणि त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"अहो सर, मी सिंधूकाकू बोलते. जिरं मिसळणाच्या डब्यात आहे. डबा बावीस वर्षं जिथे आहे तिथेच आहे. तुम्ही तिथे बावीस वर्षांत गेला नाहीत, एवढंच."

पलीकडून फक्त "हो काकू" आलं.

मी घाबरतच घरी गेले. नवरा जेवायला थांबला होता. ताटात फोडणीचं वरण होतं. जिरं जरा जास्तच पडलं होतं, पण मी काही बोलले नाही.

* * *

भांडणंही झाली. एका कादंबरीतली नायिका तान्हं मूल ठेवून घर सोडते. काकू म्हणाल्या, लेकरू टाकून जाणारी ती आई कसली? आमच्यातली रेखा एका सरकारी कार्यालयात क्लार्क आहे, बुधवारी साहेबांची परवानगी काढून येते. ती ताडकन म्हणाली, "घेऊन कुठं जाणार होती काकू? तिले माहेर तरी होतं का?"

शब्दाने शब्द वाढला. रेखाचं स्वतःचं माहेर सुटलेलं होतं, हे काकूंना माहीत नव्हतं. तीन बुधवार दोघी खोलीच्या दोन टोकांना बसल्या. मला वाटलं, आता एक जण जाणार.

चौथ्या आठवड्यात काकू शेगावला दर्शनाला गेल्या. एसटीत वेळ जावा म्हणून तीच कादंबरी पुन्हा वाचली. उतरल्या उतरल्या त्यांनी रेखाला फोन लावला.

"रेखा, ती परत आली होती गं. दाराबाहेर उभी राहिली, आतून बाळ हसल्याचा आवाज ऐकला आणि गेली. दोनच ओळी आहेत. आपण दोघी भांडायच्या घाईत होतो."

रेखा म्हणाली, "काकू, प्रसाद आणा माह्यासाठी."

* * *

आणि मग मंगल यायची थांबली.

एक बुधवार गेला, दोन गेले, तीन गेले. फोन बंद. मंगलचा नवरा दिगंबर डोक्याने तापट. एकदा त्याने तिच्या हातातलं पुस्तक गोठ्यात भिरकावलं होतं, हे तिनेच आम्हाला सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, आता बसून चालायचं नाही. काकू, रेखा आणि मी जीपने देऊळघाटला गेलो.

दिगंबर ओट्यावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. आम्हाला बघून उठला आणि दारात आडवा उभा राहिला.

"आत जाऊ नका."

रेखाचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. मी विचारलं, "मंगल कुठे आहे?"

"आत हाये. लिहून राह्यली."

"काय लिहिते आहे?"

"सोताचंच. लहानपणापासून. पोरीच्या दोन वह्या भरल्या. फोन वाजला की ध्यान जाते, म्हणून बंद ठेवला तिनं."

आतून मंगलचा आवाज आला, "बसा हो ताई, एवढं वाक्य होऊ द्या."

आम्ही ओट्यावर बसलो. काकूंनी डोळे पुसले. रेखाला हसू आवरेना. दिगंबरने पाणी आणून दिलं आणि पुन्हा जुड्या बांधायला बसला.

थोड्या वेळाने मी विचारलं, "तुमच्याबद्दल काय लिहिलं आहे?"

"माह्यापर्यंत आली नाही अजून. सध्या तिच्या बापाचं चालू हाये."

त्याने आणखी दोन जुड्या बांधल्या. मग दाराकडे एकदा बघून, आवाज उतरवून म्हणाला, "ताई, तुम्ही त्या बायांचे इतके पुस्तकं वाचले. त्यात एखादा नवरा चांगला निघते का?"

"निघतो की एखादा."

"मंग त्यानं काय केलं होतं, तेवढं मले सांगता का?"