तारेची वहिवाट

२००७ सालच्या मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, आमच्या घरातली केबल कायमची बंद झाली. ती बंद करायची की नाही, याची चर्चा आदल्या गणेशचतुर्थीपासून चालू होती. त्या सगळ्या काळात टीव्हीवर काय दिसते आणि काय दिसत नाही, याबद्दल घरात फारसे कोणी बोलले नाही.

घर मालवणच्या दक्षिणेला, खाडीकाठच्या एका वाडीत. घरात वडील, आई आणि आते. वडील बंदर खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. आते त्यांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली होती आणि पुढच्या पडवीत झोपत असे. पडवीला दार नव्हते. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिच्या अंथरुणाजवळून जाई. मी कुडाळला एका दैनिकात उपसंपादक होतो आणि सुटीच्या दिवशी घरी येत असे.

केबल आमच्याकडे १९९९ मध्ये आली. आणणारा वडिलांचा चुलत भाऊ. त्याचे घर आमच्या उत्तरेला, मध्ये चिऱ्यांचा गडगा. त्याला मी काका म्हणतो. त्याने आपल्या माडीवर यंत्रे मांडली आणि अंगणात मोठी छत्री बसवली. तिथून निघालेली तार गडगा ओलांडून आमच्या जमिनीतल्या एका माडाला बांधली होती. माडावरून ती आमच्या घरात येई, आणि आमच्या वाशाला टांगलेल्या डब्यातून पुढे वाडीतल्या बाकीच्या घरांत जाई. तार बांधली तेव्हा शिडी वडिलांनी धरली होती. परवानगी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही. सगळ्यांना क्रिकेट पाहायचे होते.

गडगा आणि आमचे घर यांच्यामधली पट्टी वडिलांनी आतेच्या खोलीसाठी ठेवली होती. चिरेही आणून रचले होते. त्यांच्यावर शेवाळ चढले, वाळले, पुन्हा चढले. खोली बांधायची तर तार हलवावी लागणार होती, कारण ती नेमकी छपराच्या उंचीवरून जात होती. काकाला हे कोणी सांगायचे आणि कोणत्या शब्दांत, यावर काम अडले होते.

२००६ च्या पावसाळ्यात वाडीतल्या एका घरावर छोटी छत्री आली. सरकारी वाहिन्यांची. एकदा विकत घेतली की दर महिन्याला काही द्यावे लागत नाही. आई ती जाऊन बघून आली. काकाकडची वीज गेली की आमच्याकडे वीज असूनही केबल जात असे. छत्रीचे तसे नव्हते. चतुर्थीला आलेले मुंबईकर परतल्यावर आईने विषय काढला. आतेने लगेच होकार दिला. याचे मला आश्चर्य वाटले, कारण टीव्ही सर्वांत जास्त तीच पाहत असे, आणि तिच्या दोन्ही मालिका छत्रीवर दिसत नव्हत्या. तिने कारण लपवले नाही. केबल गेली की तार जाईल, तार गेली की खोली होईल, असा तिचा हिशेब होता.

वडील म्हणाले, केबल जाईल, तार जाणार नाही.

आमच्या घरात मालवणी बोलतात. वडील मात्र जमिनीविषयी बोलू लागले की कचेरीतल्या मराठीत जात. त्यांनी त्याच मराठीत सांगितले की आज आपण ग्राहक आहोत, तार आपल्यासाठी आपल्या जमिनीतून येते. उद्या केबल बंद केली तर तीच तार आपले काही नसताना आपल्या जमिनीवरून दुसऱ्यांसाठी जाईल, आणि याला वहिवाट म्हणतात. दाखला म्हणून त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांनी एका घराला किनाऱ्यावर जाळी खांद्यावरून नेण्यापुरती वाट दिली होती. त्या वाटेने आता टेम्पो जातो.

म्हणजे केबल चालू ठेवणे ही जमीन राखण्याची युक्ती ठरली. तरी आई बाजारात गेली तेव्हा एका दुकानात तिने छत्रीची चौकशी केली. ती बातमी आठवड्याच्या आत काकाकडे पोहोचली. कशी, ते कळले नाही. त्यानंतर लगेच आमच्या टीव्हीवर मुंग्या येऊ लागल्या. आईच्या मते हे मुद्दाम होते. मी वाडीतल्या दोन घरांत विचारले. एकात मुंग्या होत्या, दुसऱ्यात चित्र स्वच्छ होते. दुसरे घर काकाच्या बायकोच्या नात्यातले. आईला एवढा पुरावा पुरला. मला पुरला नाही, कारण ते घर काकाच्या माडीला लागून होते आणि तिथे चित्र नेहमीच बरे येई.

संशय पलीकडूनही होता. काका पूर्वी तिठ्यावर भेटला की जिल्ह्याच्या राजकारणावर माझ्याशी बराच वेळ बोलत असे. आता मी दिसलो की त्याचे बोलणे थांबू लागले. वाडीत असे बोलले जात होते की त्याच्याकडे जोडण्या किती आणि सरकारला दाखवलेल्या किती, याची बातमी मी लावणार आहे. हा विचार माझ्या मनात आलेला नव्हता. ऐकल्यावर थोडा वेळ आला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काका स्वतः घरी आला. हातात दोन नारळ होते. तार बांधलेल्या माडाचे नारळ वाऱ्याने त्याच्या अंगणात पडले, ते द्यायला आलो, असे तो म्हणाला. आईने ते आत नेले. वडील आणि काका खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात बसले. पाण्याचे, मासळीचे बोलून झाल्यावर काका मुद्द्यावर आला.

"दादा, तुमका पैसे जड जातत तर देव नकात. केबल अशीच चालू ऱ्हवांदे. मी काय परको नाय."

"जड खंय जातत? आमी छत्री घेतंव म्हणतंव, इतक्याच."

"केबल फुकट मेळता तर छत्री कित्याक?"

वडील कचेरीच्या मराठीत म्हणाले, "म्हणजे तुझी तार माझ्या जागेतून जाणार आणि मोबदला म्हणून तू मला केबल देणार."

काकाही सरळ बसला. कोर्टाच्या पायऱ्या त्यानेही चढलेल्या होत्या. तो म्हणाला, "मी मोबदला हा शब्द वापरलेला नाही."

"तू वापरला नाहीस, तरी तो मोबदलाच होतो."

आते पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुमी केबलचा बोलतास काय जमनीचा? केबलचा आसात तर मालवणीत बोला."

काका हसला. वडील हसले नाहीत. चहा न घेता काका उठला.

दुपारी जेवायला बांगड्याचे सार होते. दोन घास झाल्यावर वडिलांनी विचारले, नारळ कुठला. आईने सांगितले, भावजींनी आणलेला. वडिलांनी हात आखडला आणि आम्हाला समजावून सांगितले. माड माझा. दुसरा माणूस त्या माडाचे नारळ माझ्या दारात आणून देतो. आपल्याकडे असे नारळ कोण कोणाला आणून देत होते? कूळ मालकाला. त्याला खंड म्हणतात. आणि ज्याने खंड घेतला, त्याने कूळ मान्य केले. फुकटची केबल म्हणजेही खंडच, फक्त महिन्याच्या महिन्याला. आमच्या भागात कूळ कायद्याने कोणाची जमीन कोणाच्या नावावर गेली हे पोरांनाही पाठ असते. त्यामुळे यातले काही नव्याने सांगावे लागले नाही. नवीन होते ते इतकेच की खंड आम्ही वाटून सारात घातला होता.

आई म्हणाली, "शेजाऱ्यान तांब्याभर पाणी दिल्यान तरी ह्ये इचारतले, ह्यो खंड तर नाय मा?"

वडिलांनी उरलेला भात ताकाबरोबर खाल्ला. दुसरा नारळ संध्याकाळी मी काकाच्या घरी परत नेऊन दिला. काकी दारात आली, तिने नारळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तो घेतला. दुसऱ्या दिवशी वाडीत बोलणे झाले की आमच्या घराने नारळ परत करून भावकी तोडली.

कोर्टाच्या बातम्या देणाऱ्या सहकाऱ्याला मी कुडाळला विचारले. तो म्हणाला, कूळ लागायला जमीन कसावी लागते आणि तार जमीन कसत नाही. हे मी वडिलांना सांगितले. त्यांचे उत्तर तयार होते.

"तार कसत नाय. पण तो माडाक आळा करता."

मी जाऊन पाहिले. माडाच्या बुंध्याशी आळे ताजे होते, त्यात मीठ आणि मासळीचे खत घातलेले होते. आमच्यापैकी कोणी ते घातले नव्हते. काकाने एका शेजाऱ्याजवळ याचे कारण असे दिल्याचे कळले, की माड कलला आहे, मुळे धरली नाहीत तर पडेल आणि अर्ध्या वाडीचे टीव्ही बंद होतील. माड कलला होता, हे मी स्वतः पाहिले. यापैकी कोणते कारण खरे, ते ठरवता आले नाही.

यानंतर काकाने केबलचे पैसे न्यायला येणे बंद केले. वडिलांनी दोनदा पैसे पाठवले. दोन्ही वेळा काकीने घाई नाही म्हणून परत केले. केबल चालूच राहिली, म्हणजे नको म्हणत असताना ती फुकट झाली. वडिलांनी टीव्हीच्या मागची पिन काढली आणि वायरीला प्लास्टिकची पिशवी बांधली. आपण काही घेत नाही, हे कोणीही येऊन बघावे, असे ते म्हणाले. ते बघायला कोणी आले नाही. आतेच्या मालिका मात्र तेव्हापासूनच थांबल्या. खोली नव्हतीच. शिमग्यानंतर आईने कोणाला न विचारता छत्री आणली आणि ती दक्षिणेच्या बाजूला, तारेपासून सर्वांत लांब बसवली. तार माडावर तशीच होती. चिरे खाली तसेच होते.

मे महिन्यात गवंड्याने विचारले की या वर्षी बांधायचे आहे की नाही, पाऊस लागल्यावर जोते घालता येणार नाही. वडील म्हणाले, आधी मोजणी करून घेऊ. मोजणी म्हणजे आणखी दोन-तीन वर्षे. आतेने ते ऐकले, पदर नीट केला, गडगा फिरून काकाच्या घरी गेली आणि तासाभराने परत आली. तिकडे काय झाले, ते तिने आईला सांगितले आणि आईने मला. या भागाचा दुसरा साक्षीदार नाही.

आतेच्या सांगण्याप्रमाणे तिने इतकेच म्हटले, की मरायच्या आधी मला दार असलेल्या खोलीत झोपायचे आहे, तार हलव. काका म्हणाला, तार तो केव्हाच हलवणार होता. वाडीत घरोघरी छत्र्या येत होत्या, उरलेल्या घरांसाठी रस्त्याच्या कडेने तार टाकणे त्यालाच सोपे होते. पण त्याचे वडील मरेपर्यंत सांगत होते की तो माड त्यांच्या हद्दीतला आहे. त्याने आपणहून त्या माडावरची तार काढली असती, तर आमच्या वडिलांनी म्हटले असते की माड आमचा असल्याचे याने कबूल केले. म्हणून आमच्याकडून कोणीतरी येऊन सांगेपर्यंत तो थांबला होता. आळेही त्यासाठीच केले का, हे आतेने विचारले नाही. मीही नंतर कधी विचारले नाही.

त्यावर आते म्हणाली, "माड कोणाचो ता ऱ्हवांदे. तार तुझी आसा मा? मग काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि त्याचा गडी शिडी घेऊन आले. त्यांनी तार सोडली, गुंडाळली आणि आमच्या वाशावरचा डबाही उतरवला. वडील खिडकीतून पाहत होते. काकाने माडाला हात लावला नाही, वर गडीच चढला. तार अडकवलेली लोखंडी पट्टी माडावर राहिली. ती काढायचा हक्क कोणाचा, यावर एकमत न झाल्याने ती कोणी काढली नाही.

वाडीतल्या तीन घरांनी त्या आठवड्यात केबल सोडून छत्री घेतली. काकाची नवी तार रस्त्याच्या कडेने गेली. मोजणीचा अर्ज वडिलांनी केला नाही. जोते पावसाआधी पुरे झाले. पावसात काम थांबले, चतुर्थीनंतर भिंती उभ्या राहिल्या आणि नवरात्रात कौले चढली. दिवाळीत आते आपली ट्रंक आणि अंथरूण घेऊन खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.