‘बिलकुल फिट’ हवालदाराची सुनावणी

आमच्या आधी दोनच केसेस उरल्या होत्या आणि हवालदारसाहेब बुटावरून पुन्हा फडकं फिरवत होते.

"साहेब, बूट कॅमेऱ्यात दिसत नाहीत."

"मला दिसतात ना."

मी चौथ्यांदा मोबाइलची बॅटरी बघितली. मग रेंज. मग परत बॅटरी.

महाडला माजी सैनिकांसाठी एक मदत-खोली आहे, तिथं मी अर्ज लिहून देतो. मूळचा परभणीकडचा. नववीत शाळा सोडली, फौजेत ड्रायव्हर झालो. रिटायर झाल्यावर वकील मॅडमनी मला इथं बसवलं, अर्ज कसा लिहायचा ते ओळ-ओळ शिकवलं. घरापासून एवढ्या लांब कोण कुणासाठी करतं? म्हणूनच माझ्यामुळे त्यांची केस बिघडेल ही धाकधूक कायम असते.

ही केस हवालदार सहदेव मोरे यांची. पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. बर्फातल्या पोस्टवर रॉकेलचा जेरीकॅन पाठीवर घेऊन चढताना ते घसरले आणि उजवा गुडघा गेला. पण तीन दिवस सिक रिपोर्टला, म्हणजे डॉक्टरकडे, गेलेच नाहीत. गेलं की बाकीचे म्हणतात, ड्युटी चुकवतो. त्यामुळे पडल्याची नोंदच झाली नाही. फौज सोडताना मेडिकल बोर्ड बसतं. दुखणं नोकरीमुळे आहे की नाही, ते डॉक्टर लिहितात. यांच्या कागदावर लिहिलं, ‘नोकरीशी संबंध नाही.’ त्या एका ओळीवर अपंगत्वाची पेन्शन नाकारली. दोन अपिलं माणूस न बघता, कागदावरच फेटाळली. आता ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या केसेस चालवणारं कोर्ट. त्यांच्या मिसेस, सुलोचनावहिनी, सकाळी आल्या आल्याच म्हणाल्या, "आज नाय झालं तर फाइल चुलीत घालीन."

सुनावणी म्हटलं की लोकांना सिनेमातलं कोर्ट आठवतं. तसं काही नसतं. समोर दोघं बसतात, एक न्यायाधीश आणि एक रिटायर्ड फौजी अधिकारी. वकील बोलतात. अर्जदाराला बहुतेक कोणी काही विचारत नाही. तरी मी आठवडाभर बजावत होतो, "विचारलंच तर खरं सांगा. दुखतं तर दुखतं म्हणा." ते मान डोलवायचे.

नंबर लागला. मॅडम मुंबईला कोर्टात उभ्या, आम्ही महाडहून मोबाइलवर. सरकारी वकील म्हणाले, गुडघा खरंच गेला असता तर हा माणूस तीन दिवस ड्युटी कशी करत होता?

फौजी अधिकाऱ्यांनी सरळ स्क्रीनकडे बघितलं. "हवालदार साब, घुटना कैसा है अब?"

खुर्ची मागे सरकली. साहेब ताडकन उभे, एकदम सावधान.

"बिलकुल फिट, साब!"

तिकडं मॅडमनी डोळे मिटले. सरकारी वकील म्हणाले, "कृपया नोट किया जाए."

वहिनी खिडकीजवळ होत्या. त्या थेट मोबाइलसमोर आल्या.

"साहेब, एकच सांगते. ते उभं ऱ्हायलेत ना? आता त्यांना बसाय सांगा."

"वहिनी, मधे बोलायचं नसतं," मी कुजबुजलो.

"तू गप रे!"

स्क्रीनवर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अधिकारी म्हणाले, "बैठिए, हवालदार साब."

हुकूम झाला. साहेबांनी डावा हात टेबलावर टेकला. उजवा पाय वाकेना, सरळ पुढे आला. निम्म्यात अडकले. ओठावर घाम. टेबल हललं, मोबाइल घसरला, मी तो दोन्ही हातांनी धरला. शेवटी वहिनींनी बगलेत हात घालून त्यांना खाली टेकवलं.

अधिकारी न्यायाधीशांना म्हणाले, "फौज में सब फिट ही बोलते हैं. मैंने भी बोला है."

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, भरतीच्या वेळी गुडघ्यात काही दोष नोंदला होता का? त्यांनी पानं चाळली. नव्हता. धडधाकट घेतलेला माणूस नोकरीत निकामी झाला, तर ते नोकरीमुळे नाही हे सहसा सरकारनं दाखवायचं असतं. आदेश झाला, नवीन मेडिकल बोर्ड बसवा.

मोबाइल बंद केला तरी साहेब तोंड फिरवूनच बसले होते. "चारचौघांत शोभा केलीस गो."

"पेन्शन नको असंल तर सांगा. हा लावील परत फोन."

नवीन बोर्डाच्या डॉक्टरांनी कसं वाटतं ते विचारलंच नाही. गुडघा किती वाकतो ते मोजलं आणि लिहिलं, ‘नोकरीमुळे.’ पुढे पेन्शनचा आदेश आला. मॅडमनी फोनवर माझं कौतुक केलं. मी वहिनींचं नाव सांगितलं.

हल्ली अर्ज लिहिताना ‘काय त्रास होतो’ हा रकाना आला की मी फौजीला चहा प्यायला बाहेर पाठवतो आणि त्याच्या बायकोला विचारतो.