शिशाची सवय

गडमुडशिंगीच्या रस्त्यावरच्या पंपावर माझ्यापुढं एक जुनी पिस्ता रंगाची मोटार होती. पेट्रोल भरून झाल्यावर धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले. मासे धरायच्या गळाला लावतात तशी शिशाची गोळी त्यांनी खिशातून काढली आणि टाकीत टाकली.

"काका, हे काय?" मी विचारलं.

"पावणं, पूर्वी पेट्रोलात शिसं असायचं. हिचं इंजिन त्याच्यावरच वाढलंय. आता बिनशिशाचं मिळतंय, म्हणून चढाला रुसती की."

"पण गोळी पेट्रोलात विरघळत नाही!"

त्यांनी माझा दंड धरून मला लांब नेलं आणि कानात म्हणाले, "मला म्हाईत हाय. हिला म्हाईत न्हाय. हळू बोला की!"

मग "घातलंय गं, घातलंय," म्हणत त्यांनी बॉनेट थोपटलं आणि आत बसून किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि बंद पडली.

"ऐकलं तिनं," ते म्हणाले. सगळा पंप माझ्याकडं बघायला लागला.

शेवटी मी मोटारीजवळ गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "चुकलं माझं, काका. विरघळतंय!"

गाडी लगेच चालू झाली. अजूनही त्या पंपावर मी शिशाबद्दल अवाक्षर काढत नाही.