दसऱ्याचे वजन

"मूत्रपिंडे निम्म्याहून कमी काम करताहेत," डॉक्टर म्हणाले, आणि मी पहिला संशय घेतला तो प्रयोगशाळेवर. नळ्यांची अदलाबदल झाली असेल!

मुलांनो, तुमच्या आजोबांना लघवीच्या जंतुसंसर्गाने आठवडाभर थंडीताप येत होता. शहापूरहून त्यांना बेळगावच्या इस्पितळात आणले होते. रक्तात एकच्या आसपास असायला हवे ते क्रिएटिनिन दोन निघाले. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंत तयार होणारा कचरा. मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. तो साठला, की ती मंदावली असे समजायचे.

जेंटामायसिन या जंतू मारणाऱ्या औषधाची इंजेक्शने सुरू झाली. शेजारच्या खाटेवर काकती गावचा एक तरुण होता. त्यालाही तेच औषध होते, पण दिवसातून तीनदा. आजोबांना एकदाच. त्या तरुणाची आई मला डिवचायची, "आक्का, आमच्या पोराला तीन सुया, तुमच्या आण्णास्नी एकच. इचारा की!"

शाळेत शिकवत असल्याने वही पर्समध्ये असायचीच. मी सुयांच्या वेळा टिपू लागले. तिसऱ्या दिवशी नर्सबाईंना विचारले, "उरलेले औषध जाते कुठे?"

"घरी नेऊन आमटी करतो बघा आम्ही," त्या म्हणाल्या. "लई शंका घेताय, बाई."

मी डॉक्टरांना गाठले. ते तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. माझीच वही घेऊन त्यांनी गणित मांडले. एकशे चाळीसातून वय वजा करायचे, उरेल त्याला वजनाने गुणायचे, मग बहात्तर आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागायचे. वय अडुसष्ट, वजन अठ्ठावन्न किलो. उत्तर एकोणतीस, म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला साधारण इतके मिलिलिटर रक्त साफ करतात.

"धडधाकट तरुणाचे शंभराच्या आसपास येते," ते म्हणाले. "हे औषध मूत्रपिंडांतूनच बाहेर पडते. साचले तर मूत्रपिंडे आणखी बिघडतात आणि कान कायमचे जातात."

कान! आजोबा चार हातमागांच्या खटखटीतून कुठला धागा तुटला ते ऐकून सांगत.

मी गणित पुन्हा करून पाहिले. चूक नव्हती. मग विचारले, "अठ्ठावन्न कुणी सांगितले?"

"तुम्हीच. त्यांना उभे राहवत नव्हते."

तो आकडा दसऱ्याचा होता. आमच्याकडे दसऱ्याला सोने वाटून झाले, की सूतवाले शेट सगळ्या विणकरांना आपल्या मोठ्या काट्यावर तोलायचे. रिकाम्या खांद्याने काट्यावर चढू नये अशी रीत, म्हणून प्रत्येकाच्या खांद्यावर सुताचा गठ्ठा. तेच वजन विणकर वर्षभर सांगत फिरायचे.

"अहो, ते अठ्ठावन्न गठ्ठ्यासकट ना?" मी खाटेपाशी जाऊन विचारले.

"व्हय की. शेट कुठं मोकळं चढू देतोय?" आजोबा म्हणाले. "आणि ही शिट्टी कोण वाजवतंय गं सकाळधरनं?"

वॉर्डात कुणीही शिट्टी वाजवत नव्हते. सकाळीही ते हेच म्हणाले होते, आणि मी अशक्तपणा समजून सोडून दिले होते.

मी गठ्ठा आणि शिट्टी दोन्ही डॉक्टरांना सांगितले. कानात शिट्टी म्हणजे औषध साचू लागल्याची खूण, असे ते म्हणाले. दोघांनी धरून आजोबांना काट्यावर उभे केले. सेहेचाळीस. उत्तर तेवीसवर आले. त्या दिवसाची सुई नर्सबाईंनी भरून आणली होती. डॉक्टरांनी ती थांबवली, दोन सुयांमधले अंतर दीड दिवसाचे केले आणि एक दिवसाआड रक्त तपासले. जास्त सुया मागायला गेलेली मी कमी करून परतले. नर्सबाईंची माफीही मागितली. त्या म्हणाल्या, "आमटी पाठवा आता."

शिट्टी हळूहळू थांबली, पण कान शाबूत आहेत का याची खात्री मला होईना. घरी आल्यावर आजोबा आतल्या खोलीत पडून होते. मी दाराआड उभी राहून बघत होते. बाहेर चारही माग चालू होते.

"तिसऱ्याचा धागा तुटला रं!" ते ओरडले.

मी धावत जाऊन पाहिले. तुटला होता.

डॉक्टरांना प्रश्न जरूर विचारा, मुलांनो. पण त्यांनी वजन विचारले, तर आठवून सांगू नका. काट्यावर उभे राहा, रिकाम्या खांद्याने.